असं कोणी सांगितलेलं नाही

बापूरावांनी कागद आधी उलटा धरला, मग सुलटा केला. दोन्ही वेळा त्यांच्या कपाळावरच्या आठ्या तेवढ्याच राहिल्या.

"रश्मी, हे काय होय?"

"नियम होय, बापूरावभाऊ. तुमीच सभेत सांगतलेले."

"म्या असं कवा सांगतलं?" त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. "ए ले पाणी, बी ले नाई. आपल्या गावात हा ए कोण हाये?"

ग्रामपंचायतीच्या पडवीत हशा पिकला. मलाही हसू आलं असतं तर बरं झालं असतं, पण माझं डोकं तापलं होतं. बापूराव आमच्या तलावाचं तुडुम उघडतात. तुडुम उघडलं की पाणी पाटाला लागतं आणि एकेका बांधीतल्या, म्हणजे शेताच्या तुकड्यातल्या, धानाला पोचतं. गावाचं पाणी ज्याच्या हातात, त्या माणसाला तरी मी छापलेलं कळायला हवं होतं.

"आन् हे नुसती रेघ? हे कोण?"

"ते म्हणजे कोणी का असेना, भाऊ."

"मंग तिले बी पाणी द्या लागन का?"

पुन्हा हशा. मी कागद त्यांच्या हातून जवळजवळ ओढूनच घेतला.

हे सगळं मीच अंगावर घेतलेलं. गेल्या साली पाणीपाळीवरून गावात कुऱ्हाडी निघाल्या, तेव्हा वाटप समितीचा सचिव धनराज मला म्हणाला, तू ब्रह्मपुरीच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतेस, तर असं काही बसव की भांडणच नको. मी तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे पुढच्या वर्षी असेन की नाही ते प्राचार्यांनाही माहीत नसतं. पण प्रोलॉग नावाची एक भाषा शिकवते आणि ती मला मनापासून आवडते. तिच्यात मशीनला हे कर, ते कर असं सांगत नाहीत. काय खरं आहे ते सांगायचं, नियम सांगायचे, आणि मग विचारायचं. गावाचं तरी दुसरं काय होतं? ज्या घराने पाटातला गाळ काढला त्याला पाळी. तलावाचं पाणी खुणेच्या पायरीखाली गेलं की पाणी शेपटीकडून द्यायचं, म्हणजे पाटाच्या टोकाच्या बांधीपासून, कारण तोंडाकडच्यांना झिरपा मिळतोच. सभेत लोक बोलत गेले आणि मी टाइप करत गेले. त्या दिवशी मला स्वतःचा भारी अभिमान वाटला होता.

यंदा परतीचा पाऊस आलाच नाही. धान पोटरीत, लोंबी निघायच्या बेतात आलेलं, बांध्यांना भेगा, तलाव पायरीखाली. मशीनने पाळ्यांची यादी काढली आणि गावाने विचारलं, कशावरून? मी घाईघाईत आतले नियम जसेच्या तसे छापून आणले. आता या मशीनची खोड अशी की असे बोलता बोलता भरलेले नियम छापताना ते आपण दिलेली नावं टाकून देतं. ‘घर’, ‘बांधी’ गेलं आणि त्या जागी ए, बी, सी आले. जे नाव नियमात एकदाच येतं तिथे नुसती आडवी रेघ. मशीनला त्याने काही फरक पडत नाही. माणसाला पडतो, हे मला आधी सुचायला हवं होतं.

"परवा सकाळी तुडुम उघडाचं हाये," धनराज म्हणाला. "तोवर आमाले वाचता येईन असं छापून आण. नाई त ठेव तुह्यं मशीन बाजूले, आमी आमचं पाहून घेऊ."

आमचं पाहून घेऊ म्हणजे कुऱ्हाडी, हे पडवीतल्या प्रत्येकाला समजलं. उठता उठता दोघातिघांनी बायकांत बसलेल्या माझ्या आईकडे पाहिलं आणि नजर वळवली. नियम कोणाला वाचता आले नव्हते, पण यादी सगळ्यांना वाचता आली होती. यादीत माझ्या आईचं नाव नव्हतं.

घरी पोचले तर आई घासलेलं भांडं पुन्हा घासत होती.

"तुह्या डब्ब्यानं मले कामचोर म्हटलं," ती म्हणाली. "चारचौघात."

 आईने गाळ काढला होता हे मला माहीत होतं.

मृगाच्या तोंडावर पाट साफ करायचा दिवस असतो. सगळं गाव तुडुमाकडून सुरुवात करतं. तोंडाकडचा पाट चकचकीत होतो, आणि शेपटीला पोचेस्तोवर लोकांना ऊन लागतं, भूक लागते, घरची आठवण येते. शेवटचा तुकडा बेशरमाच्या झुडपांनी भरलेला तसाच राहतो. आमची बांधी त्याच तुकड्यावर आहे. म्हणून आई त्या दिवशी कोणाला न विचारता परस्पर शेपटीकडे गेली आणि तिकडून एकटीच वर खणत आली. घरी आली तेव्हा अंगभर माती आणि तळहाताला फोड. हातपाय धुवायला पाणी मीच ओतलं.

संध्याकाळी सभा. धनराज एकेका घराचं नाव घेई आणि दुसऱ्या घरचं कोणी म्हणे, "होता, म्या पाह्यलं." ही गावाची जुनी रीत. आपल्या घरासाठी आपण बोलायचं नाही, घरच्याचं चालत नाही. खोटं बोलायचं तर निदान शेजाऱ्याला तरी पटवावं लागतं, म्हणून मला ही रीत आवडायची. आईचं नाव आलं. कोणीच बोललं नाही. धनराज थोडा थांबला आणि पुढचं नाव घेतलं. आई खाली मान घालून बसलेली आणि मी लॅपटॉप मांडीवर घेऊन. मी काही भरलं नाही. भरलं असतं तर पोरीने आईचं नाव घुसवलं, असंच झालं असतं.

आमची बौद्धांची घरं गावात थोडी, आणि आमच्याबद्दल चांगलं बोलताना लोकांची जीभ जड होते, असं माझं मत. आईचं मत वेगळं.

"सबन त तुडुमाकडं होते. कोणी पाह्यलंच नाई त बोलन काऊन? तू सगळ्याइवर एकच शिक्का मारत राह्यते."

"कोणीच नव्हतं तिथी? एकबी माणूस?"

आईचा हात भांड्यावर थांबला.

"उर्वशी होती."

पाटाच्या शेवटी दोन बांध्या आहेत, एक आमची आणि शेजारी वीतभर खोल अशी उर्वशीची. मधे धुरा, म्हणजे मातीचा बांध. तो धुरा कोणी कोणाच्या बाजूला सरकवला, यावर दोन्ही घरांची पक्की आणि उलटसुलट खात्री आहे. बाबा होते तेव्हापासून बोलणं बंद. बाबा गेले तेव्हा उर्वशी दारापर्यंत आली होती, पण आत आली नाही.

"तिच्या बांधीत काडीकचरा येचत होती," आई म्हणाली. "तिनं मले पाह्यलं, म्या तिले पाह्यलं. ना ते बोलली ना मी."

मी मटकन खाली बसले. कारण त्याच सभेत धनराज स्वतः बोलला होता, "आमची उर्वशी वयनी होती तुडुमापाशी, म्या पाह्यलं." धनराज तिचा चुलत दीर, घर वेगळं, म्हणून त्याचं चाललं. मी ते भरलं. त्याच्या जोरावर यंदा पहिली पाळी उर्वशीची आली होती. म्हणजे आईला शेपटीकडे पाहिलं असं ती बोलली, तर ती स्वतः तुडुमापाशी नव्हती हे आपोआप उघड होणार आणि तिची पाळी जाणार. अख्ख्या गावात एकच साक्षीदार, आणि तिने तोंड उघडायचं म्हणजे स्वतःचं धान वाळवायचं.

"मंग तू त्याच वेळी काऊन नाई म्हटलं, धनराज खोटं बोलून राह्यला म्हणून?"

"माह्यं जमत नाई म्हून दुसऱ्याचं तोडाचं का?" आईने भांडं पालथं घातलं. "आन् तू तिच्यापाशी जाऊ नोको. सांगून ठेवतो तुले."

अर्ध्या तासाने मी बांधीवर होते. घरात बसवेना.

धानाची पानं सुरळी होऊन उभी होती. भेगांमध्ये माझ्या चपलेचं टोक जात होतं. उर्वशी धुऱ्यावर विळ्याने गवत काढत होती. तिचा नवरा तेलंगणात कामाला, त्यामुळे शेत तीच पाहते. मी सगळं वाक्य मनात जुळवून गेले होते. तिच्या बांधीकडे पाहिलं आणि ते वाक्य बोलायचं राहून गेलं. तिच्याही बांधीला तशाच भेगा होत्या.

"तुह्या मशीननं मले पयली पाळी देल्ली म्हणते," ती माझ्याकडे न पाहता म्हणाली.

"हो."

"ते काई इसरत नाई म्हणते."

"जे सांगतलं ते नाई इसरत, काकू."

विळा चालत राहिला. "आन् जे नाई सांगतलं?"

"ते त्याले मालूमच नसते."

ती उठली, गवताचा भारा काखेत घेतला आणि पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. मी आले तशी परत आले. वाटेत दोनदा मागे वळायचं मनात आलं आणि दोन्ही वेळा पाय वळले नाहीत.

त्या संध्याकाळी मी छपाईचं काम लिहायला बसले. बसले म्हणणं खोटं. दोन ओळी लिहायची, उठायची, अंगणात फिरायची, पुन्हा बसायची. तशी गोष्ट सोपी होती. प्रत्येक नियमाचं एक वाक्य करायचं. जिथे ए येतो तिथे ‘घर’ छापायचं, जिथे बी येतो तिथे ‘बांधी’. आडव्या रेघेच्या जागी ‘कोणतीही’. नियमांच्या खाली प्रत्येक घराचा निकाल आणि त्याचं कारण. वाक्यं एकेक करून सरळ उमटायला लागली आणि मला पुन्हा थोडं बरं वाटायला लागलं. मग नकाराचं चिन्ह आलं. प्रोलॉगमध्ये ते एक तिरपी रेघ आणि अधिकची खूण, असं जोडून लिहितात. त्याच्या जागी मी साधं ‘नाही’ टाकलं आणि निकाल छापून पाहिला.

"कमला: पाळी नाही. कारण, कमलाने गाळ काढला नाही."

मी लॅपटॉप मिटला. माझ्याच मशीनने, मीच दिलेल्या शब्दांत, माझ्या आईला खोटं पाडलं होतं, आणि ते वाक्य परवा धनराज सगळ्या गावासमोर मोठ्याने वाचणार होता. तिचं नावच कारणांमधून गाळून टाकावं असं मनात आलं. नियम सगळे काढून टाकावेत आणि हार्ड डिस्क खराब झाली म्हणून सांगावं, असंही आलं. रागाच्या भरात मी आईवरच ओरडले, की तुला शेपटीकडे जायला सांगितलं होतं कोणी. ती चुलीतली लाकडं सारत राहिली, त्यामुळे मला आणखी राग आला.

दुसऱ्या दिवशी काळीपिवळी जीपमध्ये कोंबून घेऊन ब्रह्मपुरीला गेले. वर्गात नेमका तोच धडा. मी फळ्यावर ते चिन्ह काढलं आणि दरवर्षी सांगते तेच सांगायला लागले. याला ‘नाही’ असं वाचू नका. मशीनला जगातलं खरंखोटं काही कळत नाही. त्याला जे सांगितलंय त्यात शोधून सापडलं नाही, एवढंच याचा अर्थ. वाक्य पुरं व्हायच्या आत माझा हात फळ्यावर थांबला. मुलींना वाटलं मॅडमला बरं वाटत नाहीये. वर्ग मी तसाच उरकला आणि मिळेल त्या गाडीत बसून नागभीडला उतरले.

विक्की माझा मावसभाऊ, त्याचं तिथे झेरॉक्सचं दुकान आहे. त्याच्या काउंटरवरच लॅपटॉप उघडून मी त्या चिन्हाची जागा बदलली. आता तिथे ‘नाही’ छापायचं नव्हतं. ‘असं कोणी सांगितलेलं नाही’ असं छापायचं होतं. कागद गरम गरम बाहेर आले. मागच्या वेळचा ए-बी-सीचा कागद यानेच छापला होता आणि भूत पाहिल्यासारखं तोंड केलं होतं. या वेळी त्याने वाचायला सुरुवात केली आणि वाचतच राहिला.

"ताई, हे त आपलीच भाषा होय."

"मंग कोणाची राहीन?"

"मावशीचं नाव हाये इथी," तो हळूच म्हणाला आणि कागद माझ्याकडे सरकवला. 

आईला वाचता येतं, पण सावकाश, ओठ हलवत. दारातल्या उजेडात बसून तिने आपली ओळ काढली.

"कमलाने गाळ काढला असं कोणी सांगितलेलं नाही." ती दोनदा वाचून थांबली. "हे बरोबर हाये. हे खोटं नाई."

मला इतकं हलकं वाटलं की मी हसले. ती हसली नाही. बोट अजून ओळीवरच होतं, एका शब्दावर.

"कोणी," ती म्हणाली. "तुले त मालूम होतं. माह्या हातावर पाणी तूच ओतलं. तू कोणी नाई का?"

"आई, घरच्याचं चालत नाई. नियमच तसा हाये."

"चालत नाई त नाई चालत." तिने कागदाची नीट घडी घालून माझ्या हातात दिली. "सांगाले काय होते?"

 नियमाचं उत्तर देऊन झालं होतं. मी घडी पिशवीत ठेवली.

सभा सकाळीच भरली, कारण बापूरावांना थेट तिथूनच तुडुमावर जायचं होतं. धनराजने कागद घेतले आणि खडा आवाज लावला. "जे घर पाटातला गाळ काढते, त्या घराच्या बांधीले पाळी मिळते." छापलं होतं पुस्तकी, पण तोंडात येता येता ते आपोआप आमच्या झाडीबोलीतलं होत होतं. "तलाव पायरीखाली गेला, तर पाळी शेपटीकडून सुरू होते." बापूराव मान डोलवत होते. "हा. हे म्याच सांगतलं होतं." धनराज पुढे वाचत गेला. "ज्या घराले पाळी नाई त्याच्या बांधीत दुसऱ्या घरानं पाणी सोडलं असं कोणी सांगतलं, तर सोडणाऱ्या घराची पुढच्या सालची पाळी जाते." त्यावर मागून कोणीतरी "बरोबर हाये" म्हणालं. लोक ऐकत होते. स्वतःचंच बोलणं परत ऐकायला मिळतंय म्हणून खूशही होते.

मग घराघराचे निकाल. उर्वशीचा निकाल आला: पहिली पाळी, कारण, उर्वशीने गाळ काढला असं धनराजने सांगितलं. धनराजने ती ओळ जरा घाईत वाचली. मग आईची ओळ आली.

"कमला. पाळी नाई. कारण, कमलानं गाळ काढला असं कोणी..." तो थांबला, कागद जवळ धरला. "असं कोणी सांगितलेलं नाही."

 दोन दिवसांपूर्वी याच माणसांनी आईकडे पाहून नजर वळवली होती. आता ती एकमेकांकडे पाहायला लागली. पण बोललं कोणीच नाही. बापूराव धोतराचा सोगा सावरत उठायला लागले आणि मला कळलं, आता ते तुडुमावर जाणार. मी उभी राहिले.

"माह्या आईनं गाळ काढला," मी म्हणाले. आवाज इतका चिरका आला की मलाच लाज वाटली. "शेपटीकडून काढला. तिच्या हाताले फोड आले होते. पाणी म्या ओतलं."

"रश्मी," धनराज म्हणाला, "तुले मालूम हाये. घरच्याचं चालत नाई."

"मालूम हाये."

"मंग?"

"मंग काई नाई. चालत नाई, तरी सांगून राह्यली. मशीनमंधी नाई टाकत."

मी खाली बसले.  आईकडे पाहायचा धीर झाला नाही. कोणीतरी खोकलं. मग बायकांच्या बाजूने बांगड्या वाजल्या आणि उर्वशी उभी राहिली.

"तिचं चालत नाई," ती म्हणाली. "माह्यं चालते का?"

"वयनी, तुमी बसा."

"काऊन बसू? म्या पाह्यलं कमलाले. शेपटीपासून वर खंदत आली, एकटी. बेशरम तोडत तोडत."

"वयनी, तुमी त तुडुमापाशी..."

"नव्हती मी तुडुमापाशी. तुलेबी मालूम हाये." धनराजचा चेहरा उतरला. उर्वशी त्याच्याकडे पाहतही नव्हती. तिने आईकडे बोट दाखवलं आणि तिचा आवाज एकदम चढला. "या बाईसंग माह्यं भांडण हाये. धुऱ्याचं हाये, मरेस्तोवर राहीन. पण कामचोर नाई ते."

आणि ती बसली. कोणी म्हणालं, जाऊ द्या ना, यंदाच्या पुरतं दोघींनाही धरा. बापूरावांनी मान हलवली. "आज एकीले सोडलं त उद्या सबनले सोडा लागन." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "टाक पोरी, जे सांगतलं ते टाक."

मी धनराजची साक्ष काढून टाकली आणि उर्वशीची साक्ष आईच्या नावावर घातली.  पुन्हा विचारलं, मशीनने पुन्हा सांगितलं. पहिली पाळी कमलाची. खाली उर्वशीची ओळ: पाळी नाही, कारण, उर्वशीने गाळ काढला असं कोणी सांगितलेलं नाही. ती ओळ मोठ्याने वाचायची पाळी माझ्यावर आली. धनराज पायातल्या चपलांकडे पाहत होता आणि बापूराव तुडुमाकडे निघून गेले होते.

दुपार कलायला लागली तेव्हा पाणी शेपटीला पोचलं. आधी पाटातली माती काळी झाली, मग पालापाचोळा हलला, मग पाणी दिसलं. आईने साफ केलेल्या तुकड्यातून ते न अडखळता आलं. उर्वशीच्या बांधीचं तोंड गवतमातीने बुजवलेलं होतं, त्यावरून वळून ते आमच्यात शिरलं. भेगा पाणी पिताना बुडबुड असा आवाज येत होता. मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. मी धुऱ्यावरून या टोकाला, त्या टोकाला फेऱ्या घालत होते, कारण उर्वशी घरी गेली नव्हती. आपल्या कोरड्या बांधीच्या पलीकडच्या कडेला, हात गुडघ्यांभोवती घेऊन बसली होती. आमच्या पाण्याकडे ती पाहत नव्हती आणि दुसरीकडे पाहण्यासारखं काही नव्हतं.

आईही तिकडे पाहत नव्हती. फावडं या हातातून त्या हातात घेत होती. बांधी अर्धी भरली तसं तिने पदर खोचला, धुऱ्याच्या बरोबर मधोमध, ज्या जागेवरून एवढी वर्षं भांडण चाललंय तिथे जाऊन उभी राहिली आणि फावडं घातलं.

"आई!" मी धावले. "काय करून राह्यली? तिले पाळी नाई. नियम वाचला ना सकाळी!"

तिने दुसरा घाव घातला. ढेकूळ सुटलं आणि पाण्याची एक जाड धार खालच्या बांधीत उतरली. उर्वशी ताडकन उठली.

"काऊन फोडून राह्यली माहा धुरा?" ती ओरडली. सभेतलं सोडलं तर एवढ्या वर्षांत ती आईशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

"तुहा कोणता? माहा होय धुरा," आई ओरडली. "तुह्ये उपकार मले घरात नाई ठेवाचे."

"म्या कायचे उपकार केले? जे पाह्यलं ते सांगतलं."

"मंग आता हेबी पाह्य आन् गप बस."

 उर्वशी पदराने डोळे पुसत खाली वाकली आणि हाताने माती सारून पाण्याला वाट करून द्यायला लागली. तिच्या बांधीतल्या भेगांनीही तसाच आवाज सुरू केला.

"तुलेच पुरणार नाई," ती खालमानेने म्हणाली.

"अर्धं झालं त अर्धं खाऊ."

मी पाटाच्या रस्त्याकडे पाहिलं, मोहाच्या झाडांकडे पाहिलं, पुन्हा रस्त्याकडे पाहिलं. कोणी नव्हतं. तरी मी आवाज खाली आणला.

"आई, पुढच्या सालची पाळी जाईन आपली. कोणी सांगतलं त?"

"कोण सांगन? पाणी त उर्वशीच्याच बांधीत गेलं, मंग तेबी घरचीच. तिचं कसं चालन?"

"आन् मी? म्या नाई का पाह्यलं?"

आई फावड्यावर रेलून उभी राहिली. तीन दिवसांत पहिल्यांदा मी तिला हसताना पाहिलं.

"तू घरची होय," ती म्हणाली. "तुह्यं चालत नाई."